मोटरवाली चेन

४ मार्च

अशू,

खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, म्हणून लिहिते आहे. तुझा फोन वाजतो, तू उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही. दाराखालून आत सरकलं की झालं, मग तू वाच नाहीतर नको वाचू.

जॅकेट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोकं उलटं करून झटकलं. इंग्रजीतलं एक पुस्तक निघालं, त्यात बाणांची चित्रं. चार वर्षांनी तुझ्याकडून काही आलं आणि त्यात तुझ्या हातचं एक अक्षर नाही. असो. असले कपडे बनवणाऱ्या कंपनीत तू आहेस हे अश्विनने सांगितलं होतं. बाबांना लकवा झाला हेही त्यानेच तुला कळवलं असणार. बिचारा मावसभाऊ, आपल्या दोघांचा पोस्टमन झालाय.

काल दुपारी ओसरीत जॅकेटचं उद्घाटन झालं. उन्हाचा पारा आताच अडतीसवर आहे. शेजारची सुगंधाबाई आली, तिच्यामागे अर्धी गल्ली. मी बाबांना जॅकेट चढवलं. आधी उजवा हात, तो आता नुसता लोंबतो. बाबांनी डाव्या अंगठ्याने बटन दाबलं. घर्रर्र करत चेन आपली आपण वर चढली आणि गळ्याशी येऊन टिक करून थांबली.

सुगंधाबाई म्हणाली, "काऊन गा श्रीहरीभाऊ, हे रिव्हर्स बी जाते का?"

बाबांनी पुन्हा बटन दाबलं. रिव्हर्स गेली.

"अन् हे दुसरं बटन कायचं?"

मी पुस्तकातलं चित्र पाहून सांगितलं, ते गरम व्हायचं. जॅकेट आतून तापतं.

"अव माय! इथी सूर्य फुकटात भाजून राह्यला, अन् पोरानं हैदराबादवरून शेगडी धाडली!"

सगळे हसले. बाबाही हसले, अर्ध्या तोंडाने. लकव्यानंतरच्या दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी सात वेळा चेन खालीवर केली. घाम टपकत होता, पण काढू देईनात. शेवटी मी ओढून काढलं.

बाबा ठीक आहेत. पत्र इथेच संपवते.

नाही, संपवत नाही. लोक गेल्यावर बाबांनी जॅकेटच्या चेनकडे बोट केलं, मग स्वतःच्या पँटकडे. मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

अशू, दोन वर्षं रोज सकाळी बाबांच्या पँटची चेन मी लावते. दिवसातून चार-पाच वेळा उघडते, पुन्हा लावते. ते वर छपराच्या कवेलूंकडे पाहतात, मी भिंतीकडे. तू म्हणशील इलास्टिक लाव. मी टेलर आहे, मला सुचलं नसेल का? त्यांनी ती पँट विहिरीत टाकली. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, खाकी पँट, पट्टा, इस्त्रीची घडी. नाडी एका हाताने बांधता येत नाही. लुंगी सुटते. चिकटपट्टी लावून पाहिली, ती विहारात वंदना चालू असताना चर्रर्र करून सुटली. तेव्हापासून ते विहारात गेले नाहीत.

ते पाणी कमी पितात. मला कमी वेळा हाक मारावी लागावी म्हणून.

ताई


२३ मार्च

अशू,

तुझ्या जॅकेटचा मी खून केला. रागावू नकोस.

चेन पूर्ण उसवली. आपल्या नेहमीच्या चेनला रनर असतो तिथे अंगठ्याएवढी मोटर आहे, तिला वायर, वायरीच्या टोकाला साबणवडीएवढी बॅटरी. लाल आणि हिरवा असे दोन बारीक दिवे. चेन कापून आखूड केली. कमरेचा हूक काढून चेन थेट पट्टीपर्यंत नेली, म्हणजे हूक लावायचाही प्रश्न नाही. बॅटरीला कमरेच्या आतून कप्पा शिवला, वायर शिवणीतून नेली आणि वरून दुहेरी टाका घातला, टोचू नये म्हणून. पुढे जरा फुगीर दिसतं. त्यावर आमच्या दोघांचं भांडण झालं आणि तह झाला, शर्ट बाहेर ठेवायचा. बाबांनी जन्मात पहिल्यांदा शर्ट बाहेर ठेवला.

पहिल्या दिवशी ते मोरीत एकटे गेले. मी बाहेर उभी. घर्रर्र. मग बराच वेळ काही नाही. मग घर्रर्र. दार उघडून बाहेर आले आणि मला म्हणाले, "बतन दाब."

लकव्याने त्यांची जीभ जड झाली आहे. पन्नासेक शब्द उरलेत, तेही मला आणि सुगंधाबाईलाच कळतात. हा मी शिकवताना म्हटलेला शब्द. बाबा, बटन दाबा. तो त्यांनी उचलला. आता भूक लागली तरी "बतन दाब", बस आली तरी "बतन दाब", आनंद झाला तरी तेच.

गावभर झालंय. काल सुगंधाबाई कुंपणावरून ओरडली, "श्रीहरीभाऊ, लाईन गेली का मंग कसं करता गा? लोडशेडिंगमधी मुतत नाई का?"

"चार्जिंग आहे," मी म्हटलं, "दोन दिवस पुरते."

"मंग रात्री बाबाले लावतं का खुटीले, मोबाईलसारखं?"

बाबा पाणी भरपूर पितात आता. एवढंच सांगायला लिहिलं.

ताई


१६ एप्रिल

अशू,

जयंतीला बाबा पांढरा शर्ट घालून आधी विहारात, मग मिरवणुकीत गेले. मी सोबत नव्हते. मी सोबत नव्हते, हे वाक्य मला दोनदा लिहावंसं वाटतंय.

विहारात सगळे हात जोडून शांत बसले असताना यांचा हात बटनावर पडला. घर्रर्र. भंतेजींनी डोळे उघडले. बाबांनी घाबरून पुन्हा दाबलं. घर्रर्र. मागून कोणी तरी म्हणालं, "श्रीहरीभाऊनं गाडी सुरू केली, बसा रे लवकर." सगळं विहार हसलं आणि बाबा त्यांच्यात बसून हसत राहिले. उठून घरी आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी चिकटपट्टीच्या आवाजाने घरात कोंडून घेतलेला माणूस.

आता रोज बसस्टॉपवर जातात. जुन्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत. ड्रायव्हर हात करतात. संध्याकाळी येऊन भिंतीवर तुझा फोटो आहे तिथे उभे राहतात.

तुझ्याशी आई गेली त्या वेळचं बोलायचं मी आजवर टाळलं. तू दोन दिवस उशिरा पोचलास. पुण्यानुमोदनाला लोक जमलेले. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहुणे आले, पाणी द्या." स्वतःच्या पोराला पाहुणा म्हणाले. तू पेला हातात घेतलास, खाली ठेवलास आणि त्याच पावली परत गेलास. मी आतल्या खोलीत होते. बाहेर येऊन तुझा हात धरायला हवा होता. मी धरला नाही, कारण मलाही राग होता. शेवटचे चार महिने आईला मी एकटीने उचललं होतं.

हे लिहून टाकलं. बरं वाटलं असं नाही.

ताई


२९ एप्रिल

अशू,

हे पत्र स्पीडपोस्टने टाकते आहे, नीट वाच.

बाबा तुझ्याकडे येतात. सात तारखेला सकाळी निघतील. खोक्यावरचा तुझा पत्ता त्यांनी ब्लेडने कापून पाकिटात ठेवलाय. मी नाही म्हटलं, आठ दिवस जेवणावर रुसले. मी सोबत येते म्हटलं तर छातीवर डावा हात मारून म्हणतात, "एकता." एकटा.

इथून आपल्या ओळखीच्या कंडक्टरच्या गाडीत बसवते. तो त्यांना पुढच्या फाट्यावर उतरवेल. तिथे पाऊण तास थांबून तेलंगणाची बस. ती आठ तारखेला पहाटे तुमच्या बसस्टँडवर पोचते. शर्टाच्या खिशात मोठ्या अक्षरांत चिठ्ठी ठेवते, मराठीत आणि हिंदीत. नाव, आजार, तुझा पत्ता, माझा नंबर. तेलुगू मला येत नाही.

काल मी विचारलं, अशूला भेटून काय बोलाल? बराच वेळ जुळवाजुळव करून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पावना." मीच पाहुणा.

तू बसस्टँडवर ये. राग धरायचा तर माझ्यावर धर, पण ये. ते उतरतील आणि समोर कोणी नसेल, असं होऊ देऊ नकोस.

ताई


१२ मे

अश्वजित,

अश्विनने तुला फोनवर कळवलंच आहे. बाबा सात तारखेला दुपारी फाट्यावर गेले. उष्माघात. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. त्रास झाला नाही. सावलीत बसले होते, लोकांनी पाणी पाजलं, तिथेच डोळा लागला.

विधी आठ तारखेलाच उरकले. तुझी वाट पाहून थांबता आलं नाही, उन्हाळा आहे. तू आता धावत येऊ नकोस.

संघप्रिया


२६ मे

अशू,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदा आलं आणि सहाच ओळींचं. तू आठ तारखेला पहाटे साडेतीनपासून बसस्टँडवर होतास, रात्रपाळीवरून थेट, फोन घरीच विसरून. अश्विनचा फोन रात्रभर तुझ्या घरी वाजत होता. तीन गाड्या येऊन रिकाम्या झाल्या तरी तू हलला नाहीस. मग फाट्यावर कोणी तरी काढलेला तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोचला. शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "चेन मी पाठवली, म्हणजे मी मारलं त्यांना."

म्हणून आता खरं लिहिते. बारा तारखेचं पत्र खोटं होतं. सावली नव्हती. पाणी कोणी पाजलं नाही.

डोमा नावाचा एक माणूस परवा घरी आला. फाट्यापासून कोसभर आत त्याचं गाव, त्या दिवशी तोही बसची वाट पाहत होता. अंगणात आला आणि उन्हातच उभा राहिला, ओसरीवर येईना.

"मी पयला पळालो, बाई," म्हणाला. "माह्या मांगं सारे पळाले."

मी त्याला बस म्हटलं. बसला नाही. उभ्यानेच सांगितलं.

बाबा साडेबाराला उतरले. निवाऱ्याच्या मागे लघवीला गेले. चेन उघडली, पण लागेना. आदल्या रात्री मी पूर्ण चार्ज केली होती. पण कंडक्टर नंतर मला म्हणाला की बाबांनी गाडीत सगळ्यांना ती चालवून दाखवली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, तसे ते दाखवतच राहिले. तर चेन अर्ध्यावर अडकली. लाल दिवा लुकलुकायला लागला. बाबा शर्ट वर धरून बाहेर आले. डाव्या हाताने ओढायला गेले तर शिवण सुटली आणि वायर बाहेर आली.

तिकडे नक्षल्यांचं तसं आता काही उरलं नाही म्हणतात. पण रस्त्यावरच्या वायरीला आजही कोणी हात लावत नाही, हे तुला मी सांगायला नको. म्हातारा माणूस, कमरेला बॅटरी, लाल दिवा, लोंबणारी वायर.

"माहा मोठा भाऊ अशाच वायरीनं गेला," डोमा म्हणाला. "तरी बी मी दोन पावलं जवळ गेलतो. तं ते माह्याकडं पाहून म्हनाले, बतन दाब, बतन दाब."

बाबा त्याला मदत मागत होते, अशू. उघडी पँट घेऊन रस्त्यात उभा असलेला माणूस परक्या माणसाला सांगत होता, भाऊ, जरा बटन दाब, माझ्या हाताने होत नाही.

"मले वाटलं, आता दाबतो म्हनून राह्यले," डोमा म्हणाला.

सगळे पळून नाल्यात जाऊन पडले. दोन्हीकडून गाड्या थांबवल्या. दूर नाक्यावरून पोलीस भोंग्यावर सांगत होते, हात वर करा, जमिनीवर झोपा. बाबांनी डावा हात वर केला. उजवा होईना. पुन्हा डावा खाली आणून उजवा उचलायला गेले, तर भोंग्यावरचा माणूस आणखी मोठ्याने ओरडला. मग ते डांबरावर बसले. नंतर आडवे झाले. तो व्हिडिओ तिथून पुढचा आहे.

बॉम्बशोधक पथक यायला अडीच तास लागले. त्यांना दोष नाही, लांबून आले. त्यातल्या ज्याने जवळ जाऊन कप्पा उघडला, तो मला दवाखान्यात भेटला. पोरगाच होता. म्हणाला, "टाके पाहिले तेव्हाच मला कळलं. दुहेरी आणि सरळ. असलं काम कोणी इतक्या मायेने शिवत नाही." माझी चिठ्ठी त्याने मला परत दिली. ती वाचण्याइतकं जवळ तोपर्यंत कोणी गेलं नव्हतं.

तू चेन पाठवलीस. शिवली मी. हे तर दोघांचं झालं. पण तुझं ओझं तेवढ्याने उतरणार नाही म्हणून पुढचं लिहिते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, अश्विनलाही नाही.

बाबांनी त्या वेळात मला चार फोन केले. एक वाजून पाच, एक सात, एक बारा, एक एकतीस. डोमा म्हणाला, "त्यायनं फोन कानाले लावला तवा तं आमी मातीत तोंडच खुपसलं." फोननेही उडवतात ना. म्हणजे ते मला हाक मारत होते आणि प्रत्येक हाकेला लोक आणखी मागे सरकत होते. मी उचलला असता तर त्यांना म्हटलं असतं, फोनचा आवाज मोठा करून समोर धरा. मी ओरडले असते, अरे तो माझा बाप आहे, कंडक्टर होता, ती पँटची चेन आहे रे. माझा आवाज डोमाला ऐकू गेला असता. तो वीस पावलांवर होता.

मी झोपले होते.

मी त्यांना एकटं जाऊ दिलं ते त्यांचा हट्ट होता म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. हट्ट होता, पण तो मोडायला मी फार जोर लावला नाही. मला पंधरा दिवस हवे होते, अशू. कोणाची चेन नको, कोणाची हाक नको. गाडी सुटली तेव्हा मी हात हलवत होते आणि मनात दिवस मोजत होते. घरी आले, मशीन झाकली. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि त्याचा आवाज मीच बंद केला, शाळेच्या कपड्यांसाठी लोक सारखे फोन करतात म्हणून. ओसरीत खाली गार फरशीवर आडवी झाले.

आईच्या आजारपणापासून मी अशी झोपले नव्हते. स्वप्नसुद्धा पडलं नाही. साडेचारला जाग आली तेव्हा अंग पिसासारखं हलकं होतं. आरामात केस धुतले. ते वाळवत अंगणात उभी होते तर सुगंधाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "आज तं मोठी गोरी दिसून राह्यली वं." मी हसले. तिच्याशी बराच वेळ बोलत उभी राहिले.

मग आत जाऊन फोन पाहिला.

ताई